रेडा आणि मास्तर

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली की मला घरात बसवत नाही. बायको म्हणते, उन्हाने होतं. धुळ्याचं ऊन माणसाचं डोकं फिरवायला पुरेसं आहे हे खरं, पण मला होतं ते उन्हाने नाही. दारावर खरबुजांची गाडी येते, कुंभारवाड्यात लाल घागरींच्या उतरंडी लागतात, समोरच्या कडुनिंबाला कुणी तरी झोका बांधतं आणि मी चपला घालून बाहेर पडतो. सणाच्या तोंडावर चांगल्या धडधाकट माणसाला असं का व्हावं, हे मी तीस वर्षांत, यंदापर्यंत, कुणाला सांगितलेलं नव्हतं.

यंदा त्यात मुलाची भर पडली. त्याची दहावीची परीक्षा नुकतीच आटोपली आहे आणि तो दिवसभर कॉम्प्युटरवर एक खेळ खेळतो. पाच जण इकडचे, पाच जण तिकडचे. कुणी नागपूरचा, कुणी केरळचा, कुणी तर परदेशातला. एकमेकांची तोंडं कधी पाहिलेली नाहीत, पण शिव्या मात्र घरच्यासारख्या. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपापलं पात्र निवडायचं असतं. शे-सव्वाशे पात्रं. मी मागे उभा राहून बघत होतो. एक छोटीशी, हसऱ्या चेहऱ्याची, हातात कंदील घेतलेली मुलगी दिसली. मी म्हणालो, "ही घे की. छान आहे."

"पप्पा, ती कमजोर आहे. तिला कुणी घेत नाही."

"कुणी ठरवलं?"

"यादीच असते. दर महिन्याला बदलते. सगळ्यात वरचे पाच-सहा स्ट्राँग. ज्याची पाळी पहिली, तो त्यातला एक उचलतो. एकाने उचलला की दुसऱ्याला मिळत नाही."

"आणि शेवटी ज्याची पाळी, त्याने काय करायचं?"

त्याने मान न वळवता उत्तर दिलं, "उरेल ते घ्यायचं."

मी गच्चीवर जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी मी जेवलोही नीट नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं असतं.

आमचं गाव चोपड्याच्या अलीकडे, सातपुडा दिसेल इतक्या अंतरावर. केळी आणि कापूस. वडील आणि त्यांचे दोन भाऊ, तिघांचं एकत्र घर. सगळ्यात थोरले काका म्हणजे आबा. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून घरातली सगळी पोरं त्यांचीच आणि घरातला शेवटचा शब्दही त्यांचाच. मधल्या काकांचा मुलगा विलास. तो आणि मी एकाच वर्षी जन्मलेले, एका बाकावरचे. मी दोन महिन्यांनी मोठा, म्हणून मोठेपणा माझ्याकडे. आमची दहावीची परीक्षा झाली त्या वर्षी विलासच्या मामाने सुरतहून त्याला टीव्हीवर खेळायचा गेम आणला. पांढरा-तांबडा डबा, वर कॅसेट खोचायची, दोन वायरींना दोन रिमोट. तेव्हा ते गावात कुणीच पाहिलेलं नव्हतं. गेम विलासचा होता, हे मुद्दाम सांगतो, कारण त्या उन्हाळ्यात पुढे पुढे मीच ते विसरून गेलो.

कॅसेटमध्ये कुस्तीसारखा एक मारामारीचा खेळ होता. पडद्यावर आठ गड्यांची तोंडं यायची, त्यातून एकेक निवडायचा आणि लढायचं. त्यांची खरी नावं जपानी की चिनी कुठल्या तरी लिपीत होती, म्हणून आम्हीच बारसं केलं. एक टकल्या, एक शेंडीवाला, एक चिपाड. सगळ्यांत ताकदवान तो रेडा. मान नव्हतीच, खांद्यांतूनच डोकं उगवलेलं. त्याची एक लाथ बसली की समोरच्याची अर्धी शक्ती गेलीच. आणि सगळ्यांत कमजोर तो मास्तर. पांढरा शर्ट, काड्यांसारखे पाय, चापट्या मात्र भराभर मारायचा. त्याच्या दहा चापट्या म्हणजे रेड्याची एक लाथ. पहिल्या रिमोटवाल्याने आधी निवडायचं, मग दुसऱ्याने. पहिला रिमोट माझ्या हातात असायचा. मी रेडा घ्यायचो.

आणि विलास मास्तर घ्यायचा. टकल्या होता, शेंडीवाला होता, तरी तो मास्तरच घ्यायचा. मला वाटे, त्याला तो आवडतो. इतकी वर्षं मी असंच धरून चाललो.

त्या मे महिन्यातले दिवस आठवतात ते वासांनी. गच्चीवर बायका बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ शिजवायच्या, त्याचा आंबूस वाफाळ वास. केळीच्या बागेत उन्हाने करपलेल्या पानांचा वास. टीव्हीच्या खोलीत शेण सारवलेलं, त्यावर आम्ही पालथे पडलेले, कोपरांना ओला गारवा लागायचा. बारा वाजता वीज गेली की काकू, म्हणजे विलासची आई, आतून ओरडायच्या, "गया का तो डबा? आते तरी जेवाले या!" वीज आली की आम्ही तोंडात घास असतानाच पळायचो. विलास खेळायचा शांतपणे. मी ओरडायचो, उड्या मारायचो, तो नुसता खालचा ओठ चावायचा. मास्तरला घेऊन तो काय काय शिकला होता! रेडा धावून आला की एक पाऊल मागे, दुसरं पाऊल मागे, लाथ हवेत गेली की पुढे येऊन चार चापट्या, पुन्हा मागे. रेड्यासमोर दुसरं काही चालणारच नव्हतं. वीस लढतींत तो एखादी जिंकायचा, पण मला घाम फोडून जिंकायचा. माझं कसब होतं ते एक बटण दाबत राहण्याचं. हे मला तेव्हाही कळत होतं.

आखाजी म्हणजे नेमकं काय, हे बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. पितरांच्या नावाने घागर भरायची, पुरणपोळी आणि आमरस, माहेरी आलेल्या पोरींचे झोके, गौराईची गाणी, हे सगळं आहेच. त्या दिवशी पत्ते खेळले तरी बाप ओरडत नाही, हेही आहे. पण आमच्या घरात आखाजी म्हणजे वर्षाच्या वाटण्यांचा दिवस. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहणारा गडी, त्याचं साल त्या दिवशी संपतं आणि नवं ठरतं. त्याबरोबर कुठल्या शेतात काय लावायचं, कुठली जोडी ठेवायची, कुठली विकायची, सगळं आबा त्याच दिवशी सांगायचे. आखाजीला दिलेला शब्द पुढच्या आखाजीपर्यंत हलायचा नाही.

त्या वर्षी आमचा जुना सालदार धुडकू काम सोडून मुलाकडे जाणार होता. घरात दोन पोरं दहावी झालेली. अकरावीसाठी जळगावला खोली घेऊन राहायचं तर एकालाच पाठवता येईल आणि एकाने घरी राहून केळीचं पाणी बघायचं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. कोण जाणार, तेवढं ठरायचं होतं. निकाल जूनमध्ये लागणार होता. शहाण्या माणसाने निकालापर्यंत थांबावं. पण आबांच्या लेखी सालदार आखाजीला ठरतो, तसा पोरगाही आखाजीलाच ठरला पाहिजे.

दुपारची जेवणं झाली होती. ओसरीवर आबांचे सोबती पत्ते कुटत बसले होते. सण म्हणून आम्ही टीव्ही ओसरीवर आणून लावला. दोन-चार डाव पाहिल्यावर माणसांनी पत्ते खाली ठेवले आणि आमच्याकडे तोंडं केली. आबाही खुर्ची सरकवून बसले. त्यांनी आयुष्यभर बैल पारखले होते. चोपड्याच्या बाजारात लोक त्यांना जोडी बघायला बोलवायचे. जू मानेजवळ नेलं की जो बैल पाय मागे घेतो, तो कितीही देखणा असला तरी घेऊ नये, हा त्यांचा ठोकताळा.

मी रेडा घेतलेला. विलासने मास्तर. पहिली लढत मी जिंकलो, दुसरी जिंकलो, तिसरी जिंकलो. माणसं "वा रे सुधीर, पठ्ठ्या!" म्हणत होती आणि मी फुगत होतो. चौथी विलास जिंकला. सुरेख जिंकला. आठ-नऊ वेळा मागे सरला, रेड्याला पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नाचवलं आणि शेवटी चापट्यांनीच लोळवलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. त्याने मागे वळून आबांकडे पाहिलं.

आबा म्हणाले, "पळी पळीसन जिकना. हाई काय जिकनं शे?"

माणसं हसली. मीही हसलो.

पाचवी मी जिंकलो. मग आबा उठले, दाराच्या चौकटीला हात टेकवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ईलास दर बारी पाय मांगे लेस. शहरमा लोके खाई टाकतीन त्याले. सुधीर पुढे सरस. सुधीर जाई जळगावले. ईलास केळी देखी."

एवढंच. एका खेळावरून. पडद्यावर दोन बाहुल्या होत्या, आणि त्यातली एक दुसरीच्या चौपट ताकदीची होती. हे ओसरीवर फक्त दोघांना ठाऊक होतं, मला आणि विलासला. विलासने रिमोट खाली ठेवला आणि वायर नीट गुंडाळली. माझ्या जिभेवर आलं होतं, आबा, ही बरोबरीची जोडी नाही, त्याला रेडा देऊन बघा. आलं होतं, पण मी ते गिळलं. काकू आतल्या दारात उभ्या होत्या. त्या जेठांसमोर बोलत नसत. त्यांनी पदर पुढे ओढला आणि आत गेल्या.

बळी तो कान पिळी, असं आपण दुसऱ्याबद्दल बोलतो. बळ आपल्या हातात असतं तेव्हा आपल्याला कान दिसत नाही.

जूनमध्ये निकाल लागला. विलासला माझ्यापेक्षा चांगले मार्क होते. थोडेथोडके नाही, गणितात तर तो तालुक्यात नाव निघावं असा पास झाला होता. शाळेतून आम्ही एका सायकलवर परत आलो. तो चालवत होता, मी मागे. रस्ताभर मीच बोलत होतो, काय बोललो देव जाणे.

निकालाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मला केळीत बोलावलं. पाटाला पाणी सुरू होतं. पायात मचमच चिखल. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मार्क त ईलासना जास्त शेतस. मी शबद दिधा व्हता, पन माले आते नीट लागत नही. तुनं काय म्हननं शे? खरं सांग."

आबांनी आयुष्यात कुणाला असं विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या माणसाने आपला आखाजीचा शब्द माझ्या सोळा वर्षांच्या हातात ठेवला होता. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. विलासला पाठवा, एवढे दोन शब्द.

मी म्हणालो, "विलासला शेतीच आवडते, आबा. तो मला म्हणाला तसं."

तो मला तसं कधीच म्हणाला नव्हता.

आबांनी पाटाला फावड्याने बांध घातला, पाणी दुसऱ्या ओळीत वळवलं आणि "बरं" म्हणाले. मी घरी परत येताना धावत आलो हे आठवतं. आनंदाने धावलो की भीतीने, ते अजूनही सांगता येणार नाही.

जाण्याच्या दिवशी काकूंनी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला. पिशवीत ठेवताना हळूच म्हणाल्या, "दोन्हीसना वाटानं शिकजो, बाबा." दोघांच्या वाट्याचं शिक, हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर मी विसरलो असतो.

जळगावची दोन वर्षं मेहरूणच्या एका खोलीत गेली. तलावाकडून संध्याकाळी जरा गार वारा यायचा, थंडीत बोरं मिळायची, बाकी सगळा उकाडा. दर पंधरवड्याला विलास एसटीने घरचा डबा घेऊन यायचा. हातांना केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेले. ते डाग साबणाने जात नाहीत. तो कॉटच्या कडेला बसायचा आणि माझं फिजिक्सचं पुस्तक चाळायचा. एकदा त्याने एका गणितावर बोट ठेवलं, "हाई कसं काय?" मी समजावायला लागलो. मला ते स्वतःलाच धड येत नव्हतं. मी अर्ध्यावर असताना तो मधल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हां, म्हंजे आठे अस्सं व्हई," आणि उत्तर सांगितलं. बरोबर होतं. मी पुस्तक ओढून घेतलं आणि म्हटलं, "तुझी एसटी चुकेल." एसटीला अजून दोन तास होते. तो उठला आणि गेला. स्टँडवर दोन तास बसला असेल.

मी बारावीत काठावर पास झालो. पुढे डिप्लोमा, मग धुळ्याची ही नोकरी. वाईट काही नाही, मिरवण्यासारखंही काही नाही. ऑफिसात साहेब लोकांना पाहतो, त्यांतले कितीक रेडा घेऊन आलेले वाटतात आणि त्यांना स्वतःला ते ठाऊक नसतं. मला ठाऊक आहे, एवढाच काय तो फरक. पण ठाऊक असून मी काय दिवे लावले? मनाला समजावत राहिलो. विलास म्हणजे मातीतला माणूस. त्याच्या केळीचा घड बघा. त्याला जळगाव झेपलं नसतं. तो मुळात कमी घेणाऱ्यांतला, मास्तर आवडणाऱ्यांतला. स्वतःशी बोललेलं खोटं माणसाला इतकं गोड लागतं की पोट भरत नाही.

मुलाच्या त्या "उरेल ते घ्यायचं" नंतर मात्र मला राहवलं नाही. यंदा आखाजीला मी एकटाच गावी गेलो. आबांना जाऊन बारा वर्षं झाली. घागर आता विलास भरतो. जेवणं झाल्यावर आम्ही दोघं बागेत गेलो, सावलीला बसलो. त्याचे केस माझ्यापेक्षा जास्त पिकलेत. ठिबकच्या नळ्यांतून पाणी टपटपत होतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "विलास, तुला तो मास्तरच का रे आवडायचा?"

तो आधी समजलाच नाही. मग आठवलं तसा हसला. "मास्तर? तो कोनले आवडी? तू पहिले रेडा उचली ले."

"टकल्या होता. शेंडीवाला होता."

"रेडा नही त मंग कोनी बी सारखाच. हारनंच शे त निदान चापट्या त मारू." मग म्हणाला, "त्या आखाजीले मी तुले म्हनं बी व्हतं, आज माले रेडा लेऊ दे. आबा देखी ऱ्हायनात. तुले याद नही?"

मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. त्या दुपारचा आमरसाचा वास आठवतो, पत्त्यांवरची चित्रं आठवतात, ओसरीवरच्या माणसांच्या टोप्या आठवतात. हे एक वाक्य माझ्या डोक्यात कुठेच नाही. मी ते ऐकलंच नसेल, किंवा ऐकून फेकून दिलं असेल.

मग मी सगळं सांगितलं. निकालानंतरची सकाळ, पाट, आबांनी विचारलेलं, मी दिलेलं उत्तर. तो खाली मान घालून वाळकं पान हातात चुरत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "माले माहीत शे."

"कसं?"

"आबा तव्हयच मनाकडे उनात. म्हने, सुधीर म्हनस तुले शेतीच आवडस, खरं का? तुले जानं व्हई त आते सांग."

आबा माझ्यानंतर त्यालाही विचारून गेले होते. म्हणजे दार त्याच्यासाठी उघडलं होतं. त्याने एक "नाही" म्हणायचा अवकाश होता.

"मग? तू काय म्हणालास?"

"काय म्हननार? मी नही म्हनं असतं त तू खोटा पडता. आबासमोर." त्याने चुरलेलं पान झटकलं. "मी म्हनं, सुधीर म्हनस ते खरं शे."

शेवटी मी जे विचारलं ते तीस वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं. "आवडत होती का रे तुला शेती?"

"तव्हय नही," तो म्हणाला. "आते आवडस." आणि वॉल्व्ह बदलायची वेळ झाली म्हणून उठला.